रीताचं एकच लेकरू

"हिमांशुला सख्खी भावंडं किती?" पुष्पांजलीने विचारलं आणि फॉर्मवर पेन टेकवलं.

रीता सुपात तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढला, अंगणाच्या कडेला टाकला आणि मान वर न करता म्हणाली, "नाई. मले एकच लेकरू हाय."

मधल्या कुडाच्या अलीकडे सुशीलाबाई मिरच्या वाळत घालत होती. तिला हे स्पष्ट ऐकू आलं. दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा अंगणाच्या मधोमध हा कूड घातला होता, त्याला एक फाटक ठेवलं होतं, आणि ते फाटक आजवर कधी लागलं नव्हतं. एका घरात फोडणी दिली की दुसऱ्या घरात शिंक यायची, तिथे बोलणं कसलं लपणार? पलीकडे पुष्पांजलीच्या खुर्चीमागे नऊ वर्षांची रुची हिमांशुच्या सायकलचं पायडल हाताने गरगर फिरवत बसली होती. हिमांशु तिचा चुलतभाऊ. म्हणजे तसं म्हणायचं ठरलं होतं.

सुशीलाबाई थोरली जाऊ, रीता धाकटी. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी सुशीलाबाईची कूस उजवली नव्हती. दवाखाने झाले, नवस झाले, गावातल्या बायकांचे सल्ले ऐकून ऐकून कान किटले. रीताला हिमांशु झाला आणि पाच वर्षांनी ती पुन्हा पोटुशी राहिली, तेव्हा सुशीलाबाईने लाज गुंडाळून ठेवली आणि धाकट्या जावेसमोर पदर पसरला. पोरगा झाला तर तुझा, पोरगी झाली तर मला दे. पोरगी झाली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कळा अचानक आल्या म्हणून घरीच, सुईणीच्या हातून. बाराव्या दिवशी रीताने ते लेकरू देवासमोर सुशीलाबाईच्या ओटीत घातलं, सोबत नारळ आणि पाच मुठी तांदूळ. सासरे सुकराम तेव्हा हयात होते. त्यांनी सगळ्यांना देवावर हात ठेवायला लावला. आजपासून हिची आई सुशीला, ही गोष्ट कोणी बोलायची नाही, पोरीलाही सांगायची नाही, आणि वचनातून मोकळं करायचं झालं तर ते फक्त सुशीलाच करेल. सुशीलाबाईचा नवरा दुधराम ग्रामपंचायतीत जाऊन स्वतःच्या नावाने जन्माची नोंद करून आला. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एरवी कोणाच्या घरी किती वेळा चहा झाला याचीही चर्चा करणारं ते गाव, पण ओटीत दिलेल्या लेकराबद्दल तोंड उघडायचं नाही ही रीत मात्र त्याने इमानाने पाळली होती.

पुढे तीन वर्षांनी हिमांशु आजारी पडला. आठ वर्षांचं पोर लोट्याने पाणी प्यायला लागलं, सुकत गेलं. तोंडाला मोहफुलांचा वास येऊ लागला, तेव्हा त्याच्या बापाने, शालीकरामने, वाळत घातलेली मोहफुलं चोरून खातो म्हणून त्याला दोन थपडाही दिल्या. दुसऱ्या दिवशी पोर शुद्धीवर नव्हतं. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की तो वास साखरेच्या आजाराचा होता. म्हाताऱ्यांना होतो तो मधुमेह नव्हे, लेकरांचा. पोर वाचलं, पण रोजच्या चार सुया मागे लागल्या. रीता शिकली. लाइट गेली की इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायला शिकली, पोराच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून मशीनवर आकडा बघायला शिकली. आणि त्याच दिवसापासून सुशीलाबाईच्या मनात भीती शिरली. हिच्याकडे आता एकच लेकरू आणि तेही आजारी. ही आपलं धडधाकट लेकरू परत मागणार. रीताने कधी मागितलं नाही. पण भीतीला कुठे कोणी काही मागावं लागतं?

पुष्पांजली नागपूरच्या एका संशोधनाच्या कामावर होती. दर तीन महिन्यांनी ती सौंदड स्टेशनवर उतरायची आणि ऑटोने आतल्या गावांत हिमांशुसारखी पोरं बघत फिरायची. त्या दिवशी तिने रीताला समजावून सांगितलं ते सुशीलाबाईने कुडाआडून अक्षर न् अक्षर ऐकलं.

"आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात, काकू. बाहेरून रोग आला की त्याला मारतात. मतलब, घरचे कुत्रे समजा. या आजारात ते कुत्रे घरच्याच कोंबड्या धरायला लागतात. पोटात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांनाच खातात. पण रक्तात या कुत्र्यांना दटावणाऱ्याही थोड्या पेशी असतात. त्या कमी पडतात. आता आमचे डॉक्टर काय करतात, लेकराचं रक्त घेऊन त्या दटावणाऱ्या पेशी बाजूला काढतात, लॅबमध्ये वाढवतात आणि त्याच लेकराला परत देतात."

"मंग हिमांशुले द्या ना," रीता म्हणाली.

"हिमांशुच्या कोंबड्या संपल्या, काकू. हे आजार यायच्या आधी द्यायचं असतं. म्हणून तर आम्ही सख्खे बहीणभाऊ शोधतो. रक्त तपासलं की पुढे धोका आहे का ते आधीच कळतं. आजार थांबेलच अशी गॅरंटी नाही, अजून प्रयोग चालू आहे. पण काही लेकरांमध्ये तो वर्षानुवर्षं लांबलाय. एकदा साखर पूर्ण चढली की मग काही उपयोग नाही. जागाही थोड्याच आहेत."

अंगणात नुसता सायकलच्या चाकाचा आवाज. मग रीताने मान वर केली आणि सरळ कुडाकडे पाहिलं. कुडाच्या फटीतून सुशीलाबाईला तिचे डोळे दिसले. एक शब्द बोलायचा होता, तोही सुशीलाबाईनेच. ती खाली वाकली आणि मिरच्या पसरू लागली.

पुष्पांजलीने फॉर्मवर 'सख्खं भावंड नाही' असं लिहिलं आणि ती पुढच्या गावाला गेली.

त्याच संध्याकाळी रीता फाटकातून आली. बसली नाही.

"बाई, रगत तेवढं तपासू दे."

"माह्या पोरीले कायले टोचता? तिले काय झालं?"

"झालं नाई म्हनूनच तं."

"तुह्या माहेरचा रोग हाय तो. माहा नाई." सुशीलाबाईने आवाज चढवला. "ओटीत घेतली त्या दिवशी तुहं सारं तुह्याकडं राहिलं. माह्या घरचं खाऊन वाढली ते."

हे ती नुसतं तोंडाने म्हणत होती असं नाही. तिचा खरोखरच तसा विश्वास बसला होता. देवासमोर लेकरू दिलं, तांदूळ पडले, नाळ तुटली. मग रोगाला वाट कुठून मिळणार? नऊ वर्षं एखादी गोष्ट रोज स्वतःला सांगितली की ती खरी होऊन बसते.

"बाई, मी मागून नाई राहिली तिले," रीता हळू आवाजात म्हणाली. "तू माय हायस. तूच राहशील. फकस्त त्या सिस्टरले सांगू दे."

"कागदावर एकदा लिवलं का गाव बोलाले लागते. उद्या पोरगी मले इचारन, तू माही कोन? तवा मी काय सांगू?"

रीता मग आली तशी गेली.

दुधराम गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं हे त्याच्या शब्दावर चालायचं, आणि त्याने लावलेल्या पाण्याच्या पाळीबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती. तो घरात फार बोलायचा नाही. त्या दिवशी जेवताना बोलला.

"सांगून टाक. पोरगी आपली हाय, पन रगत त्याहीचं हाय."

"सांगतलं तं मी तलावात जीव देईन," सुशीलाबाई म्हणाली.

त्याने ताटात हात धुतला आणि तो उठून गेला. बायको जीव देणार नाही हे त्याला कळत होतं, पण तो वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने घालायला हवा होता.

हिवाळा गेला. मार्चमध्ये एकदा सुशीलाबाई रुचीची नखं कापत होती, तेव्हा बोटांच्या टोकांवर तिला बारीक काळे ठिपके दिसले. एक, दोन, पाच. अशी बोटं तिने सहा वर्षं हिमांशुची पाहिली होती.

"हे काय व्हय?"

"काकी टोचते," रुची सहज म्हणाली. "दुखत नाई. मंग काकी मले फुटाने देते. तुले सांगू नको म्हने."

सुशीलाबाई नखं अर्धी टाकून तशीच फाटकातून पलीकडे गेली. रीता चुलीपुढे होती. मग जे झालं ते चार घरांनी ऐकलं. चोरटी, दगाबाज, देवाची आण मोडणारी, सगळं झालं. रीता हिमांशुच्या वहीचं शेवटचं पान उघडून पुढे धरत होती. तिथे पेन्सिलने तारखा होत्या आणि त्यांच्यापुढे आकडे. ब्याण्णव, शहाण्णव, एकशे तीन, एकशे बारा, एकशे एकवीस.

"बाई, शिव्या मागून दे. हे पाह्य आधी. उपाशीपोटीचा आकडा चढून राहिला. जास्त नाई चढला. अजून टाइम हाय, मी फोनवर त्या सिस्टरले नाव न सांगता इचारलं. सिस्टर म्हने हाच टाइम हाय."

सुशीलाबाईने वही हिसकली आणि चुलीत टाकली.

हे तिने का केलं, हे तिलाही पुढे कधी धड सांगता आलं नाही. आकडे तिने पाहिले होते. शेवटचा आकडा तर तिला पाठच झाला. पण त्या क्षणी तिला वहीत रोग दिसलाच नाही. तिला दिसलं ते एवढंच, की रीता तीन महिने आपल्या पोरीला मांडीवर घेऊन बसत होती, तिचं बोट हातात धरत होती, आणि दोघींचं एक गुपित होतं. त्याचाच तिला राग आला. बाकी काही नाही, नुसता मत्सर.

त्या दिवशी फाटकाला पहिल्यांदा कुलूप लागलं. रुचीला ताकीद मिळाली, पलीकडे पाऊल टाकलं तर तंगडी मोडीन. पोरगी दोन दिवस रडली. रीता कुडापाशी येऊन दोनदा बोलली, तिसऱ्यांदा आली नाही. शालीकराम दुधरामशी बोलायला तलावावर गेला. दुधरामने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि घरी येऊन बायकोपुढे गप्प बसला.

एप्रिलमध्ये मोहफुलं आली. पहाटे वेचून आणायची आणि अंगणभर पसरायची. ऊन मी म्हणत होतं. रुची पाणी फार पिऊ लागली. उन्हाळाच आहे, कोण पीत नाही? अंथरुणात दोनदा ओलं झालं. पाणी पिते म्हणून. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. उन्हाळ्यात पोरांना भूक कुठे असते? मोरीत ती बसायची त्या जागी मुंगळे जमायला लागले. सुशीलाबाईने बादलीभर पाणी ओतून ते घालवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. हिमांशुच्या वेळचं सगळं तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गावात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं एक वेळ, हिला कळायलाच हवं होतं. आणि हिला कळतच होतं. म्हणून तर ती रोज पोरीकडे बघायचं टाळत होती.

एका दुपारी रुची ओसरीवर पडून राहिली. श्वास जोरजोरात, धावून आल्यासारखा. सुशीलाबाई तोंड पुसायला वाकली आणि तिला वास आला. गोडसर, आंबूस. मोहाचा.

अंगणात मोहफुलं वाळतच होती. वास तिकडचाच असेल. तिने पोरीचं तोंड धुतलं, चूळ भरायला लावली. वास राहिलाच. मग तिने नऊ वर्षांच्या पोरीला कडेवर उचललं. ती पाच वर्षांच्या पोरीएवढी हलकी लागली. भर उन्हात अनवाणी ती तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर गेली. तिथे मोहाचं झाड नाही, अंगण नाही, पाण्यावरून वारा येतो. पाळीवर उभं राहून तिने पोरीच्या तोंडाशी नाक नेलं.

वास तिथेही होता.

ती परत धावत आली ती ओरडतच. कुलपाची किल्ली सापडेना म्हणून तिने फाटकच उपटलं. "रीता! रीता वं!" रीता मशीन घेऊन बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. थेंब घेतला. मशीनने आकडा दाखवलाच नाही, त्याच्या आवाक्यापलीकडे साखर गेली की ते नुसती दोन अक्षरं दाखवतं.

"गाडी सांगा," रीता शालीकरामला म्हणाली, आणि तिने पोरीला सुशीलाबाईच्या हातातून घेतलं. सुशीलाबाईने देऊन टाकलं.

दोन दिवस रुची दवाखान्यात सलाइनवर होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्याच सकाळी पुष्पांजली आली. सुशीलाबाईनेच फोन करून बोलावलं होतं. रीता खाटेच्या कडेला बसून रुचीच्या केसांतला गुंता सोडवत होती.

सुशीलाबाई उभी राहिली. दोन दिवस ती हे वाक्य मनात जुळवत होती.

"सिस्टर, तुमच्या कागदावर खोटं लिवलं हाय. हे पोर रीताचं हाय. हिमांशुची सख्खी बहीन. माहं नाव खोडा न् तिचं लिवा. मी सही करतो, अंगठा देतो, काय लागन ते देतो. हिचं रगत काढा न् ते वाढवून द्या तिले."

वॉर्डातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. पुष्पांजलीचा चेहरा उतरला.

"काकू, ते आजार यायच्या आधी असतं," ती म्हणाली. "आता नाही देता येत. आता इन्सुलिनच." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटची जागा पंधरा दिवसांपूर्वी भरली हो." आणि हे आपण बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

तिने रीताकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

रुचीचे डोळे उघडे होते. ती एकदा सुशीलाबाईकडे आणि एकदा रीताकडे बघत होती. रीताने फणी केसांतून शेवटपर्यंत नेली. तिला हवं असतं तर त्या क्षणी लेकरू तिचं होतं. कागदावर, वॉर्डासमोर, देवाच्या आणेतूनही सुटून.

"नाई," ती म्हणाली. "बाई घाबरली हाय, काहीही बोलून राहिली. मले एकच लेकरू हाय."

पुष्पांजली निघून गेली. सुशीलाबाई जमिनीवर बसली. तिने द्यायला आणलं होतं ते कोणी घेतलंच नव्हतं.

"काऊन असं केलं?" तिने रीताला व्हरांड्यात गाठून विचारलं.

"तवा सांगतलं असतं तं पोरीले काही भेटलं असतं," रीता म्हणाली. "आता सांगून तिची माय तेवढी जाईन. रोग हाय तो हायच."

घरी सोडायच्या दिवशी नर्सने सुई भरून दाखवली आणि म्हणाली, घरी जी देणार तिने आता माझ्यासमोर द्या. सुशीलाबाईने सुई रीतापुढे केली.

"मले नाई जमत. तू दे. तुले सवय हाय."

"मी कायले देऊ?" रीता म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "माय तू हायस. रोजच्या चार. तूच टोच."

रुचीने आपणच फ्रॉक वर केला आणि पोटावरची चिमूट धरून दाखवली, हिमांशुला धरताना तिने पाहिली होती तशी. "अशी धर, आई. घाबरू नको. काकी टोचे तवा मले दुखत नव्हतं."

सुशीलाबाईने टोचलं. नर्स म्हणाली, लगेच काढू नका, दहापर्यंत मोजा. ती मोजू लागली, आणि चारपासून रुचीही तिच्याबरोबर मोजायला लागली. दहा झाले, सुई निघाली. दोघींनी वर पाहिलं तर रीता बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"आई," रुचीने विचारलं, "काकी काऊन रडून राहिली?"

"रडत नाई वं," सुशीलाबाई म्हणाली. "डोळ्यात काही गेलं असन."